पिचला वळसा

मंडळाच्या कार्यक्रमात कुणी नवीन माणूस भेटला की जेवणाच्या रांगेत त्याचा दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही काय करायचात?" माझ्या पुढे एखादे सर्जन असतात, मागे बँकेतून रिटायर झालेल्या बाई असतात, उरलेले सगळे आयटी. मी सांगतो, "बेसबॉल खेळायचो." समोरचा हसून म्हणतो, "ते झालं हो, पण कामाचं?" तेच काम होतं म्हटल्यावर तो जरा सावध होतो. "अमेरिकेत का?" "नाही, इथंच इंग्लंडात. मिल्टन कीन्स, बर्मिंगहॅम, क्रॉयडन." एवढं झालं की हा गृहस्थ थापा मारतोय याची त्याला खात्री पटते. मग श्रीखंड जवळ येतं आणि माझं ऐकायला कुणी उरत नाही. म्हणून दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असं सांगणं आलं तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. इथं निदान मध्येच श्रीखंड यायचं नाही.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत या देशात बेसबॉलवर पोट भरणारी माणसं फारच थोडी होती, आणि त्यांतही मी काही मोठा खेळाडू नव्हतो. एखादा क्लब मला एका सीझनसाठी घ्यायचा, पुढच्या वर्षी माझ्यापेक्षा तरुण कुणी मिळाला की हात मिळवून मोकळा व्हायचा. मग मी दुसरा शोधायचो. उन्हाळ्यात खेळाचा पगार, हिवाळ्यात शाळांमधून मुलांना शिकवण्याचा, आणि दोन्हींच्या मध्ये कुठल्यातरी गोडाउनमध्ये खोकी उचलण्याचा. गुडघ्यांनी राजीनामा देईपर्यंत मी हे केलं. पण ते सुरू होतानाच संपणार होतं, ते का आणि कसं वाचलं, एवढंच इथं सांगायचं आहे.

आधी धंदा समजावून सांगतो. बेसबॉलमध्ये मागच्या मोकळ्या मैदानात तिघं जण, म्हणजे आउटफिल्डर, उभे असतात. डावीकडे एक, उजवीकडे एक आणि मधोमध सेंटर फील्डर. तो मी. क्रिकेटवाल्यांनी डीप लाँग-ऑनला उभं असल्यासारखं समजावं, फक्त हातात चामड्याचा मोठा ग्लव्ह. बराच वेळ काहीच होत नाही. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस बसची वाट बघतोय. मग बॅटचा आवाज येतो, आणि चेंडू दिसायच्या आधी त्या आवाजावरून पहिलं पाऊल टाकायचं असतं. चेंडू डोक्यावरून मागे जाणार असेल तर त्याच्याकडे पाठ करून तो जिथे पडेल तिकडे धावत सुटायचं आणि शेवटी मान वळवायची. तो तिथे असला तर तुम्ही चांगले आउटफिल्डर, नसला तर गोडाउनमध्ये खोकी उचला. आणखी एक नियम ध्यानात ठेवा. सेंटर फील्डर "माझा!" असं ओरडला की बाकीच्या दोघांनी जागच्या जागी थांबायचं. त्यानंतर तो चेंडू त्याचा एकट्याचा.

ग्लव्ह नवा असताना लाकडासारखा कडक असतो. तो तेल लावून मऊ करतात असं मी घरी म्हणालो, तर आईने कौतुकाने बाटली आणून दिली आणि मी महिनाभर त्याला खोबरेल तेल चोळलं. एप्रिलच्या पहिल्या प्रॅक्टिसला मिल्टन कीन्सच्या थंडीत ते सगळं तेल शिवणींमध्ये गोठलं. ग्लव्ह मिटेचना. पांढऱ्या शिवणींचा तो ग्लव्ह बघून मॅनेजर नॉर्मनने वास घेतला आणि विचारलं, "हे काय, केक आहे का?"

नॉर्मन व्हॅन चालवायचा. लहानपणी त्याच्या गावाजवळ अमेरिकन विमानदलाचा तळ होता, तिथल्या सोल्जरांकडून तो बेसबॉल शिकला होता. बोलणं मोजकं. मी एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो, कारखान्याच्या टीममधून क्रिकेट खेळायचो. एका मॅचला नॉर्मन सहज आला होता. बाउंड्रीवर पळत जाऊन घेतलेला माझा एक कॅच त्याने बघितला आणि चहाच्या वेळी येऊन म्हणाला, "तुझी बॅटिंग मला नकोय. तुझे पाय हवेत." मिल्टन कीन्सच्या त्याच्या क्लबला एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा पैसा मिळू लागला होता. पहिलं वर्ष भत्त्यावर, आणि पुढच्या वर्षी नॉर्मन ज्यांची नावं देईल त्या मोजक्या खेळाडूंना कंपनीचं पगारी कॉन्ट्रॅक्ट. मी नोकरी सोडली आणि मग घरी सांगितलं.

बाबा बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. समोरच्याची शुद्ध हळूहळू हरपावी तसे ते शांतपणे बोलत.

"नोकरी सोडलीस?"

"हो."

"कशासाठी, ते परत एकदा सांग. मी बहुतेक मिसहिअर केलं."

"बेसबॉलसाठी, बाबा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "एक सीझन. प्रॉपर कॉन्ट्रॅक्ट मिळालं तर मी एक अक्षर बोलणार नाही. नाही मिळालं तर मुकाट्याने ड्रॉइंग ऑफिस. फेअर इनफ?"

"फेअर इनफ," मी म्हणालो.

बाबांना खेळाचा राग नव्हता, हे सांगायला हवं. मिरजेच्या मेडिकल कॉलेजचे ते विकेटकीपर. आम्ही इकडे आलो तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, त्याआधी ते मला सांगलीत मैदानावर न्यायचे. चेंडू कसा पकडायचा हे त्यांनी नंतर शिकवलं, पिचशी कसं वागायचं ते आधी. पिचवर फक्त खेळणारा जातो, आणि तोही खेळ चालू असताना, त्याच्या कामापुरता. एरवी वळसा. पलीकडे चेंडू गेला तरी वळसा, पाऊस आला आणि सगळे धावत सुटले तरी वळसा. एकदा मी मधून पळालो तर त्यांनी मला हाक मारून परत बोलावलं आणि पुन्हा बाजूने जायला लावलं. इंग्लंडात आल्यावर पार्कातल्या कौन्सिलच्या पिचलाही आम्ही बापलेक वळसा घालून जायचो. लोक कुत्री घेऊन त्यावरून खुशाल फिरत असत. आम्ही त्यांच्याकडे अडाणी म्हणून बघायचो.

आता मिल्टन कीन्सचं ग्राउंड. नवं शहर वसवताना जुनी खेडी त्याच्या पोटात गेली, त्यांतल्याच एका खेड्याचं हे क्रिकेट ग्राउंड कौन्सिलकडे आलं होतं. शनिवारी क्रिकेट, रविवारी आम्ही. बाहेरच्या टीमा राउंडअबाउटांच्या, म्हणजे गोल चौकांच्या, जंजाळात हमखास हरवायच्या, त्यामुळे मॅच कधी वेळेवर सुरू झाल्याचं आठवत नाही. आमच्या बेसबॉलच्या आखणीत क्रिकेटच्या पिचेसचा तो चौकोन, म्हणजे स्क्वेअर, नेमका माझ्या आणि डाव्या फील्डरच्या मध्ये यायचा. क्रिकेट क्लबशी असा समझोता होता: रविवारी स्क्वेअरभोवतीच्या दोऱ्या काढायच्या आणि कडेने चुन्याची रेघ मारायची. चेंडू स्क्वेअरवर पडला किंवा घरंगळत गेला की खेळ थांबला, धावणाऱ्यांना दोन-दोन बेस बहाल (चार बेस पुरे केले की एक रन). पण हवेतला कॅच घ्यायला फील्डरने खुशाल आत जावं.

हे शेवटचं कलम टेडला मान्य नव्हतं. टेड तिथला ग्राउंड्समन, वय सत्तरीच्या पुढे. रविवारी तो रोलरवर बसून आमचा खेळ बघायचा आणि आमचे खिळ्यांचे बूट स्क्वेअरला लागले की ओरडायचा. बेसबॉलला तो शेवटपर्यंत "राउंडर्स", म्हणजे इथल्या शाळकरी पोरांचा खेळ, म्हणाला. टीममधले सगळे त्याला हसायचे. मी हसत नव्हतो, कारण मला तो बरोबर वाटायचा.

सप्टेंबरातली शेवटची मॅच. जिंकलो असतो तर वरच्या डिव्हिजनमध्ये गेलो असतो, आणि कंपनीचे साहेबही बघायला आले होते. समोरच्या टीमची शेवटची बॅटिंग, त्यांचे दोन बाद (तिसरा बाद झाला की डाव संपतो), आम्ही एका रनने पुढे. त्यांची दोन माणसं दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. त्यांच्या बॅट्समनने चेंडू उंच उडवला, माझ्या आणि डाव्या फील्डरच्या मध्ये. आवाज आला तसा मी निघालो. सोपा नव्हता, पण माझ्या टप्प्यातला होता. मी ओरडलो, "माझा!" डावीकडचा डॅरिल, आमचा कॅनडाचा खेळाडू, नियमाप्रमाणे थांबला.

स्क्वेअरच्या कोपऱ्यापाशी माझे पाय वळले. मी ठरवलं नव्हतं, मनात काही विचारही आला नव्हता. पाय आपले चुन्याच्या रेघेला धरून बाजूने निघाले, आणि मान वळवली तेव्हा चेंडू आतल्या गवतावर पडून स्वस्थ बसला होता. त्यांचे दोन रन झाले. आमची बॅटिंग बाकी होती, पण आमच्यातली हवाच गेली होती. तिघं पटापट बाद झाले आणि आम्ही हरलो.

सगळ्यांना वाटलं, माझा अंदाज चुकला. डॅरिलने पाठीवर थापही मारली. नॉर्मनने मात्र मला व्हॅनपाशी बोलावलं.

"तू वळसा घातलास," तो म्हणाला.

मी हो म्हणालो, आणि का ते सांगितलं. सांगली, बाबा, पिच, सगळं. तो हसला नाही.

"तुझी गोष्ट मला आवडली," तो म्हणाला. "पण जिथे पाय ठेवायचा नाही अशी एक जागा ज्याच्या मनात आहे, त्याला मी मैदानाच्या मधोमध उभा नाही करू शकत. आत्ता नावं द्यायची झाली तर तुझं देणार नाही. एप्रिलमध्ये ट्रायल मॅच आहे. तोपर्यंत हे पायांतून काढ. निघालं नाही तर येऊ नकोस."

घरी आई म्हणाली, "काय रे, काय झालं?" मी सरळ सांगितलं, "कॅच होता. पिच मध्ये आलं. वळसा घातला."

बाबा जेवत होते. ते म्हणाले, "मग त्यात चूक काय?"

"कॅच गेला, बाबा."

"हं," ते म्हणाले, आणि ताटातली भाजी उगीचच इकडची तिकडे करत राहिले. मग म्हणाले, "एप्रिलपर्यंत सीझन संपलेला नाही असं तू म्हणणार. ठीक आहे. टेक्निकली बरोबर आहे."

मला राग आला होता. नॉर्मनचा नाही, बाबांचाही नाही, माझ्याच पायांचा. चोवीस वर्षांचा धडधाकट माणूस आणि पाय त्याला विचारत नाहीत म्हणजे काय? मी बर्मिंगहॅमच्या पार्कात जाऊन कौन्सिलच्या पिचवरून पळायचा प्रयत्न केला. दर वेळी कडेशी आलो की पाऊल आखडायचं. दहा जणांनी बघितलं असेल, वेडा म्हणून सोडून दिलं असेल. मग ठरवलं, जिथे अडलो तिथेच सोडवायचं. ऑक्टोबरच्या एका शनिवारी ट्रेन पकडून मिल्टन कीन्सला गेलो आणि टेडला म्हणालो, "मला तुमच्या स्क्वेअरवरून धावू द्या."

"नाही," टेड म्हणाला. सीझन संपला, आता तिला दुरुस्तीला घ्यायचंय. स्क्वेअरचा उल्लेख तो घरातल्या बाईसारखा करायचा. मी जाईना तेव्हा त्याने विचारलं, "फोर्क धरता येतो का?"

त्याने माझ्या हातात बागेतला जाड दात्यांचा काटा दिला आणि स्क्वेअरवर नेलं. मी बूट काढायला लागलो, तर म्हणाला, "पाय गारठवून घ्यायचेत का? चल." आणि त्याने स्वतःचा काटा पूर्ण वजन देऊन पिचच्या ऐन मध्यात खुपसला. त्याने तो हलवून बाहेर काढला, वीतभर मागे सरकून पुन्हा खुपसला. अख्ख्या स्क्वेअरला अशी भोकं पाडायची होती.

"अहो, पण हे काय?" मी विचारलं.

"उन्हाळाभर रोलरने दाबून दाबून तिचा जीव घुसमटतो. हवा आत जायला नको?"

"मग आम्ही बुटांनी चार भोकं पाडली तर ओरडता का?"

"कारण तुम्ही बुजवत नाही," टेड म्हणाला.

एवढंच. तो पुढच्या ओळीला लागलाही. मी मात्र काटा धरून तसाच उभा राहिलो. लहानपणापासून मला वाटत होतं की पिचला धक्का न लावणं म्हणजे पिचचा मान राखणं. इथे ज्याचं सगळं आयुष्य तिच्यावर गेलं तो तिला खिळे मारत होता, आणि नंतर वाकून एकेक भोक भरणार होता. मीही खुपसायला लागलो. संध्याकाळपर्यंत तळहातांना फोड आले.

त्या हिवाळ्यात दर शनिवारी मी तिथे जात राहिलो. भोकं पाडली, बी पेरलं, वरून चाळलेली माती पसरली. काम झालं की टेड मला कडेची एक जुनी, मोडीत काढलेली पट्टी धावायला द्यायचा. अट एकच, उमटलेली प्रत्येक खूण माझी मी बुजवायची. डॅरिल कधीकधी चेंडू उडवायला यायचा. व्हिसा वाढवायला तो सारखा क्रॉयडनच्या ऑफिसात रांग लावून बसलेला असायचा. तिथून सुटला की म्हणायचा, "तिथे दिवसभर एका जागी बसवतात, मला जरा हात हलवू दे." पाय लगेच ऐकत नव्हते. डिसेंबरात आखडत होते, जानेवारीतही आखडत होते. मी धावायचो, आखडायचो, परत जायचो, परत धावायचो. पावसात, बर्फाच्या चिखलात, गारांत. मी बुद्धीने काही सोडवत नव्हतो, नुसता चिकटून बसलो होतो. फेब्रुवारीत कधीतरी एकदा सरळ पलीकडे गेलो आणि गेल्यानंतर माझ्या लक्षात आलं.

पण मार्चमध्ये नवंच संकट उभं राहिलं. मी पेरलेलं बी उगवलं. कोवळं, पोपटी गवत, आणि ते मी लावलेलं. इतकी वर्षं मी परक्याच्या पिचला वळसा घालत होतो, आता ही माझी होती. त्या जुन्या पट्टीवरून पळणं वेगळं. हिच्यावरून मी पळू शकेन का, हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि करून बघायची सोयही नव्हती. टेडने दोऱ्या बांधल्या होत्या.

ट्रायलच्या रविवारी सकाळी पाऊस पडून गेला होता. बाबा पहिल्यांदाच बघायला आले, तेही राउंडअबाउटांमध्ये फिरून फिरून मॅच अर्धी झाल्यावर. ओव्हरकोट घालून, हात मागे बांधून ते पलीकडच्या बाजूला कुत्रीवाल्यांच्या घोळक्यात उभे राहिले. नॉर्मन माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

शेवटून दुसऱ्या डावात चेंडू उडाला. डॅरिलच्या बाजूला, स्क्वेअरच्या पार पलीकडच्या टोकाकडे. मी ओरडलो, "माझा!" डॅरिल थांबला.

कोपरा आला. पायांखालचं गवत बदललं ते मला कळलं, कारण ते मऊ होतं आणि माझं होतं. मी गेलो. खिळे रुतत होते, मागे चिखलाची ढेकळं उडत होती, टेड ओरडत होता, तो मला ऐकू येत होता. शेवटच्या क्षणी मान वळवली, हात लांब केला, चेंडू ग्लव्हमध्ये बसला आणि मी पोटावर घसरत गेलो. स्क्वेअरवर माझ्या अंगाएवढी एक पट्टी उखडून निघाली.

मॅच संपल्यावर नॉर्मन जवळून जाताना म्हणाला, "मंगळवारी सही करायला ये." त्याने थांबूनही बघितलं नाही. मला त्याला मिठी मारावीशी वाटली होती. तशी पद्धत नव्हती, म्हणून मी नुसती मान हलवली.

मग मी टेडच्या शेडमधून काटा आणि मातीची बादली घेऊन स्क्वेअरवर गेलो. गुडघ्यांवर बसून उखडलेले तुकडे एकेक करून जागेवर बसवायला लागलो. खूप आनंद झाला होता, आणि रडूही येत होतं. काहीतरी मिळालं होतं आणि काहीतरी कायमचं गेलं होतं, हे मला तेव्हाच कळत होतं. आजवर जिथे मी आपोआप थांबायचो तिथे आता थांबणार नव्हतो. टेड आला, बघितलं, एक शिवी दिली आणि माझ्या शेजारी बसून माती दाबायला लागला.

मैदान रिकामं झालं होतं. पलीकडून बाबा निघालेले दिसले. सरळ आले असते तर लगेच पोहोचले असते. ते हॉस्पिटलात घालायच्या बुटांनी ओल्या गवतातून चुन्याच्या रेघेला धरून, सगळे कोपरे फिरून, लांबून लांबून आले आणि माझ्या समोर रेघेबाहेर थांबले.

"मी नाही हं आत येणार," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

त्यांनी उखडलेल्या पट्टीकडे बघितलं. मग म्हणाले, "पण तू गेलास, ते बरं केलंस."

त्यांनी रेघेबाहेरूनच हात पुढे केला. मी चिखलाचे हात पँटला पुसले, उठलो आणि पिच ओलांडून सरळ त्यांच्याकडे गेलो.